अण्णांची स्मरणिका: वर्षश्राद्धापर्यंत ३२ पानं कशी उभी करावीत?

पाणंद

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा (घरी-गावात सगळे अण्णाच म्हणायचे) ३० नोव्हेंबर २०२५ ला, मार्गशीर्ष शुद्ध दशमीला गेले. गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. फायनल (सातवीची परीक्षा) झाल्यावर काही वर्षं मुंबईला गिरणीत, मग कायमचे गावी. ग्रामदेवतेच्या देवस्थानाचे विश्वस्त, पुढे सचिव. भजनी मंडळाचे बुवा, माळकरी. दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आले. शाळेच्या इमारत समितीत होते, आणि वरच्या वाडीतून बंदरावर उतरणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) श्रमदानाने झाली त्यातही पुढे होते.

वर्षश्राद्धाला, म्हणजे नोव्हेंबरअखेर, त्यांच्यावर ३२ पानी स्मरणिका काढायची आहे. ३०० प्रती पुरतील. घोडं तीन ठिकाणी अडलंय.

जन्मतारखा तीन आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३८, आधारवर १ जानेवारी १९३८, आणि जन्मपत्रिकेच्या टिपणात भाद्रपद शके १८६१. छापायची कुठली?

सालं कुणालाच धड आठवत नाहीत. पाखाडी कधी झाली विचारलं की "बरीच वर्षां झाली" एवढंच मिळतं.

चुलतभावाने दोन पानं लिहून दिलीत. "धर्मपरायण, मनमिळाऊ, निःस्वार्थी, गोरगरिबांचा आधार." खोटं त्यात काहीच नाही, पण नाव बदललं तर ती पानं कुणाच्याही आजोबांना चालतील.

पत्र्याच्या ट्रंकेत भजनाच्या वह्या, मनीऑर्डरच्या पावत्या, देवस्थानाचे काही कागद आणि फोटो आहेत. फोटोंना बुरशी धरलीय. सुरुवात कुठून करावी?

पंचांगवाले

आधी तारीख दुरुस्त करा, बाकीचं नंतर. वर्षश्राद्ध तिथीने. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून एरवी तिथी अकराएक दिवस आधी येते. पण यंदा मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे वर्ष ३८४ दिवसांच्या आसपास जातं आणि तिथी पुढे सरकते. २०२६ ची मार्गशीर्ष शुद्ध दशमी १९ डिसेंबरच्या सुमाराला येते. पंचांगात बघा आणि तुमच्या गुरुजींना विचारा, कारण अधिक मासात काय करायचं आणि ऊनाब्दिक (वर्ष पुरं व्हायच्या थोडं आधीचं श्राद्ध) कधी करायचं याचे घराघराचे शिरस्ते वेगळे असतात. मुंबईकरांची रेल्वेची तिकिटं काढण्याआधी हे करा.

जुनादप्तरी

तीन तारखांचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. १ जून ही त्या पिढीत जन्मतारीख नसून शाळाप्रवेशाची सोय असे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल सहा वर्षांचं दाखवायचं असायचं, म्हणून मास्तर १ जून टाकत आणि गरज पडली तर सालही मागे ओढत. आधारवरची १ जानेवारी त्याहून बिनकामाची: नुसतं वय किंवा साल सांगितलं की तीच तारीख लागते. राहतं टिपण. शकात ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतचा जन्म असेल तर ७९. भाद्रपद १८६१ म्हणजे १९३९ चा सप्टेंबर-ऑक्टोबर.

पण टिपणावरही डोळे मिटून विसंबू नका. जन्माच्या वेळचं असेल तर उत्तम. लग्न जमवताना नव्याने मांडलेलं असेल, तर त्यात पत्रिका जुळवण्यापुरता फेरफार झालेला असू शकतो. कागद, शाई, मागे दुसऱ्या भावंडांची टिपणं आहेत का, हे पाहा. एकाच वहीत सगळ्या भावंडांची ओळीने असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पक्का पडताळा हवा असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ साठी अर्ज करा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचं नाव बहुधा सापडणार नाही. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. म्हणून अर्जात पणजोबांचं पूर्ण नाव घाला आणि एकच साल न देता १९३७ ते १९४० असा पट्टा द्या. जुनी नोंद मोडीत निघाली तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजाने लावू नका. आणि १ मे १९८१ च्या आधीच्या प्रत्येक कागदावर जिल्हा रत्नागिरी असणार, कारण सिंधुदुर्ग त्या दिवशी वेगळा झाला. चरित्रात "सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्म" छापू नका.

आता सालं. माणसाच्या आठवणीपेक्षा कचेरीतला कागद बरा, आणि तुमच्या बाबतीत कागद भरपूर आहेत:

फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. पणजोबा गेल्यावरचा वारस फेरफार काढा. त्यात मृत्यूची तारीख आणि वारसांची यादी असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या फेरफारात मुलींची नावंही येतात. त्यावरून अण्णांच्या बहिणींची नावं बिनचूक मिळतील. घरच्या वंशावळीत त्या हमखास गळलेल्या असतात. जमीन कुळाची असेल तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या (कसणारं कूळ मालक ठरलं तो दिवस) कूळ कायदा कलम ३२ ग च्या नोंदी बघा. जमीन घराची कधी झाली ते त्यातून कळतं, आणि त्या पिढीच्या आयुष्यात त्याहून मोठी घटना क्वचितच असायची.

शाळेचं जनरल रजिस्टर. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. 'कारण' या रकान्यात कधी नुसतं "मुंबईस गेला" एवढंच लिहिलेलं असतं. अण्णांच्या बाबतीत तसं निघालं तर ते जसंच्या तसं छापा.

देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा घ्या. तिथे पीटीआरचा (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा म्हटलं की समजतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली विश्वस्त बदलला की कलम २२ चा फेरफार अर्ज द्यावा लागतो. ते विश्वस्त कधी झाले आणि कधी मोकळे झाले ते तिथे तारखेनिशी मिळेल. फक्त अर्ज मंजूर व्हायला वर्षं लागतात, तेव्हा मंजुरीच्या तारखेला निवडीची तारीख समजू नका.

पाखाडी, शाळा, नळपाणी यांसाठी ग्रामपंचायतीचं ठराव बुक. आधी ग्रामसेवकांना भेटून नीट विचारा. नाहीच जमलं तर माहिती अधिकार: अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. "पाखाडीची सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका. "सन १९७० ते १९८० मधील पाखाडी बांधकामाशी संबंधित ठरावांच्या नकला" असं लिहिलंत तर उत्तर येतं.

विशेषणांबद्दल. चुलतभावाची दोन पानं फेकू नका, कामाची यादी म्हणून वापरा. प्रत्येक विशेषणाला एक नोंद शोधायची. सापडली तर विशेषण खोडून नोंद छापायची. 'निःस्वार्थी' घ्या. देवस्थानाच्या जमाखर्चात सचिवाच्या प्रवासाची बाब आहे का पाहा. देवगड-ओरोसच्या खेपा इतिवृत्तात आहेत आणि एस.टी.चं भाडं जमाखर्चात नाही, असं निघालं तर तेवढी दोन वाक्यं पुरतात. 'गोरगरिबांचा आधार' साठी मनीऑर्डरच्या पावत्या आहेतच: कुणाला, किती, कुठल्या महिन्यात. ज्याला पैसे गेले त्याचं नाव मात्र छापू नका, त्यांची मुलंबाळं गावातच असतात.

खाडीपलीकडे

जुनादप्तरींचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा करा. कागद तहसीलात पुढच्या वर्षीही असेल, ऐंशी-पंचाऐंशीची माणसं असतीलच असं नाही. मे महिना माणसांसाठी ठेवा. चाकरमानी गावात असतात, शेतीची घाई नसते, आणि पाऊस नसल्यामुळे रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. जूननंतर पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की फोनवर दुसरं काही ऐकू येत नाही.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. सकाळची न्याहारी झाल्यावर जा, जेवणानंतर म्हातारी माणसं पेंगतात. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर. लाकडी बाकावर तसाच ठेवलात तर बोटांची टकटकच भरते. दोघांना एकत्र बसवायचं तर वाद घालणारे दोघे बसवा. एकमेकांची सालं दुरुस्त करतात, आणि तेच आपल्याला हवं असतं.

"अण्णा कसे होते?" असं विचारलंत तर चुलतभावाची दोन पानंच परत मिळतील. काम विचारा. सप्त्याक तांदूळ खंयसून येयत? किती पायली? कोण कांडी? (सप्ताहाला तांदूळ कुठून येत, किती पायली, कोण कांडत असे?) पाखाडीचे चिरे कुठल्या खाणीतले, डोक्यावरून आणले की गाडीतून? चढणीवर दिवसाला किती जण राबत, दुपारची पेज कुणाकडून? या प्रश्नांना उत्तर देताना माणूस हातवारे करायला लागला की अण्णा आपोआप येतात त्यात.

साल विचारूच नका. खुणेच्या घटना विचारा: आधी की नंतर? किनाऱ्यावरच्या गावांना चालणाऱ्या खुणा अशा. 'रामदास' बोट बुडाली, १७ जुलै १९४७. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोकणात तो सगळ्यांच्या लक्षात आहे. आणीबाणी, जून १९७५. जिल्हा वेगळा झाला, मे १९८१. गिरणी संप, १८ जानेवारी १९८२ पासून. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, जानेवारी १९९८. "भूकंप झालो तेव्हा पाखाडी व्हती?" याचं उत्तर अर्ध्या मिनिटात येतं. अशा दोन खुणांच्या मध्ये साल सापडलं की "१९७० च्या सुमारास" असं छापा. खोटं नेमकेपण आणू नका. शिवाय पाखाडीच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीजवळ ओल्या सिमेंटात बोटाने काढलेलं साल असतं का, ते शोधा. झिजलं असेल तर काळोख पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, सावलीने आकडे उठतात. त्यावर तेल, खडू, रंग काही फासू नका.

बायकांना वेगळं भेटा. पुरुष माजघरात असले तर त्या "माका काय म्हायत" म्हणून चहाला उठतात. देवळाची बैठक रात्री अकराला संपून दहा-बारा माणसं घरी जेवायला यायची, त्यांचं कोण करायचं? आजींची पानं वेगळी काढा, "सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली" या एका ओळीत त्यांना गुंडाळू नका. सुना आणि लेकी माहेर-सासरच्या गावांसह.

एक राहिलं. खाडीच्या तोंडाशी गाव म्हणजे मुसलमान मोहल्ला असण्याची शक्यता बरीच. पाखाडी, साकव, बंदराचा धक्का ही कामं दोन्हीकडच्या माणसांनी केलेली असतात आणि वर्गणीची नोंद जमातीच्या (मोहल्ल्याच्या समाजसंस्थेच्या) वहीतही सापडते. जमातीच्या अध्यक्षांना भेटून विचारा, आनंदाने दाखवतात. साल हिजरी असेल तर सरळ आकडा वजा करून इसवी सन काढू नका. हिजरी वर्ष अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे ३३ हिजरी वर्षं म्हणजे जवळपास ३२ इंग्रजी. तारीख रूपांतर करून घ्या.

मुलाखत उतरवताना मालवणी मालवणीतच ठेवा. प्रमाण मराठीत "सुधारून" घेतलंत की माणूस जातो.

पखवाज_आणि_चिपळ्या

भक्तीच्या भागाबद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून.

माळकरी होते म्हणता, तर माळ कुणाकडून घातली, फड (वारकऱ्यांची परंपरा) कुठला, ते पहिलं शोधा. वारकऱ्यात माणसाची ओळख त्यावरून. वारी कुठली करायचे? आपल्याकडे आषाढीला लावणीचे दिवस, त्यामुळे कोकणातले बरेचजण कार्तिकी किंवा माघीला जातात. "आयुष्यभर आषाढी वारी केली" असं सवयीने छापलं जातं आणि गावातला शेतकरी वाचून हसतो. ट्रंकेत पंढरपूरच्या धर्मशाळेच्या पावत्या, एस.टी.ची तिकिटं निघाली तर महिना बघा.

सप्ताहाचं पान नीट करा, कारण सचिव आणि बुवा म्हणून त्यांचं खरं काम तिथे दिसेल. सात दिवस अखंड म्हणजे आठ प्रहरांप्रमाणे ५६ प्रहर, प्रत्येकी तीन तास. (काही गावांत एका दिवसाच्या नामस्मरणालाही सप्ताहच म्हणतात, तुमच्याकडचं तपासा.) हे प्रहर वाड्यांना वाटून दिलेले असतात आणि वाटणीचा कागद सचिवाकडे असतो. तो सापडला तर आख्खाच्या आख्खा छापा. मध्यरात्री बारा ते पहाटे तीनचा प्रहर कुठल्या वाडीकडे, त्या वेळी वीणा उभी ठेवायला माणूस कमी पडला तर कोण उभं राहायचं, हे विचारा. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तो प्रहर अवघड. सप्ताह सांभाळणाऱ्याची परीक्षा तिथेच होते, दिंडीच्या दिवशी तर सगळेच असतात.

भजनाच्या वह्यांत तीन तऱ्हेचं सामान मिसळलेलं असतं: संतांचे अभंग, दुसऱ्या बुवांचे गजर-गवळणी, आणि एखादं स्वतःचं. वेगळं केल्याशिवाय छापू नका. संतांचे अभंग गाथेवरून ताडून घ्या. बुवांच्या वहीत चालीसाठी शब्द घातलेले, गाळलेले असतात, आणि निम्मे शब्द ऐकून लिहिलेले. गाथेतला क्रमांक द्यायचा तर आवृत्तीही द्या, क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. हल्लीच्या बुवांचे गजर त्यांचे आहेत, परवानगीशिवाय छापायचे नाहीत. अण्णांचं स्वतःचं असेल ते शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेवरून ओळखू येईल. वहीच्या एका पानाचा फोटो छापा, असं पान ज्यात त्यांनी समासात "काळी ४" किंवा "पांढरी १" असा पेटीचा स्वर लिहून ठेवलाय. बुवा कुठल्या पट्टीत गायचे हे त्या दोन शब्दांत कळतं, आणि जाणकार वाचक तिथेच थांबतो.

गाऱ्हाण्याबद्दल (देवापुढे गावाच्या वतीने मोठ्याने घालायची विनवणी): ते घालायचा मान त्यांचा होता की ते फक्त सचिव होते? गाऱ्हाणं मानकरी घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यांचा मान नसताना "गाऱ्हाणं घालत" असं छापलंत तर शिमग्यापर्यंत पुरेल इतकं ऐकावं लागेल. शब्द छापण्याआधी गुरव आणि मानकऱ्यांना विचारा. काही गावांना ते कागदावर आलेलं आवडत नाही.

पाणंद

मंडळी, खूप आभार. तारखेचं तर डोळेच उघडले. गुरुजीही १९ डिसेंबरच म्हणाले. आता दोन गोष्टी राहिल्या. फोटो: एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, बाकीच्यांवर पांढरी बुरशी. आणि जरा नाजूक: पालखीच्या मानावरून गावात मोठा वाद झाला होता, काही वर्षं पालखी उठलीच नाही. अण्णा तेव्हा सचिव होते. घरात निम्मे म्हणतात वगळा, निम्मे म्हणतात तेच तर त्यांचं काम. शिवाय श्रद्धांजलीच्या पानावर गावकऱ्यांची नावं कुठल्या क्रमाने घालावीत?

खिळाजुळारी

काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका. ओलाव्याने फोटोचा वरचा थर मऊ होऊन काचेवर बसलेला असतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. फ्रेम स्कॅनरवर बसत नसेल तर मागचा पुठ्ठा काढून, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, समोर काळं कापड धरून फोटो काढा म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही.

बुरशीवाल्यांना ओलं कापड अजिबात लावू नका, थर पुसून जाईल. उन्हातही टाकू नका, फोटो वळतात. हवा कोरडी आहे तोवर सावलीत दोन दिवस सुटे पसरा, मग मऊ ब्रशने हळूच झटका. घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. त्या ट्रंकेत परत ठेवू नका, बुरशी तिथूनच आलीय.

स्कॅन: आहे त्याच आकारात छापायचा तर ३०० डीपीआय, दुप्पट करायचा तर ६००. पासपोर्ट फोटोवरून पानभर फोटो करायचा हट्ट सोडा. मुंबईकरांकडचे फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर अॅप फोटो दाबून लहान करतं आणि छपाईत चौकटी दिसतात. मागे लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नावं लिहू नका, पुढे उठतात. मऊ पेन्सिल चालेल. समूहफोटोतली नावं "डावीकडून, बसलेले / उभे" अशी, आणि न ओळखलेल्यांच्या जागी "अनोळखी" छापा. प्रकाशनाच्या दिवशी कुणीतरी येऊन नाव सांगतो.

आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. मधल्या पिनेच्या पुस्तिकेला पानं चारच्या पटीत लागतात. ३२ बरोबर बसतात, कव्हर वेगळं. १३ पॉइंटात पानाला अडीचशे शब्द धरा. वीस पानं मजकूर म्हणजे पाच हजार शब्द, उरलेली बारा फोटो-वंशावळीला. पाच हजारांच्या वर गेलात तर अक्षर बारीक करू नका, मजकूर कापा. तुमचा अर्धा वाचकवर्ग सत्तरीपुढचा आहे.

आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो. चकचकीत आर्ट पेपरचा मोह टाळा: किनाऱ्यावरच्या दोन पावसाळ्यांत पानं एकमेकांना चिकटतात. साधी लोखंडी पिनही खाऱ्या हवेत गंजून मधल्या पानावर तांबडा डाग पाडते. गंज न धरणारी तार मागा, नाहीतर दोऱ्याने शिवून घ्या. कव्हर २५० जीएसएमच्या वर, मॅट लॅमिनेशन. ३०० प्रतींना डिजिटल छपाई परवडते. ५०० च्या पुढे गेलात तर ऑफसेटचा भाव विचारा.

मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि अक्षरजुळणी करणारा तो जुन्या फॉन्टमध्ये फिरवणार आहे का, ते आधीच विचारा. फिरवताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि 'गाऱ्हाणं' हटकून 'गार्हाणं' होतं. 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द वेगळे काढून तेवढेच एकदा तपासा. मुद्रित कागदावर वाचा, मोबाइलवर वाचू नका. सगळे आकडे दुसऱ्या माणसाने मूळ कागदाशी ताडायचे, ज्याने लिहिलं त्याने नव्हे. पहिला मसुदा गणपतीत (यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला) घरात मोठ्याने वाचून दाखवा, तेव्हा सगळं गोत एका छपराखाली असतं. दिवाळीच्या आत फाइल छापखान्यात गेली पाहिजे. दिवाळीनंतर दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांची गर्दी असते.

जुनादप्तरी

वादाबद्दल. पालखी उठली नाही ही गोष्ट गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. वगळलीत तर लोक बाकीचंही संशयाने वाचतील. पण वाद कुणाचा बरोबर हे स्मरणिकेत ठरवायचं नाही. जे कागदावर आहे तेवढंच: कुठल्या वर्षापासून पालखी उठली नाही, किती बैठका झाल्या, त्यांना अण्णा हजर होते का, देवाचा कौल कधी घेतला, पालखी पुन्हा कधी उठली. घराण्यांची आडनावं नकोत, "दोन पक्ष" पुरे. प्रकरण कोर्टात किंवा धर्मादाय आयुक्तांपुढे चालू असेल तर मात्र एकही ओळ छापू नका. उद्या तीच ओळ कुणीतरी पुरावा म्हणून जोडतो. मिटलं असेल तर ते अर्धं पान दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्याला छपाईआधी दाखवा. मंजुरी मागू नका, "काही चुकलंय का बघा" एवढंच म्हणा. मंजुरी मागितली की पुन्हा बैठक भरते.

नावांचा क्रम हा तर खरा सुरुंग आहे. मानाचा क्रम लावायला गेलात तर बारा-पाच मानकऱ्यांतला कोण आधी यावरून तोच वाद पुन्हा निघेल, देणगीचा लावलात तर त्याहून वाईट. वाडीनिहाय घ्या, वाडीत आडनावाच्या अकारविल्ह्याने, आणि पानाच्या डोक्यावर स्पष्ट लिहा: "नावे वाडीनिहाय व अकारविल्हे, मानक्रमाने नाहीत." वाड्यांचा क्रम कुठला, हाही प्रश्न येईलच. बंदरापासून वर चढत जा, पाखाडी ज्या क्रमाने वाड्यांना लागते त्या क्रमाने. त्याला कुणी हरकत घेत नाही.

देवस्थानाच्या मूळ वह्या घरच्या ट्रंकेत निघाल्या असतील तर त्या तुमच्या नाहीत, देवस्थानाच्या आहेत. पानापानाचे फोटो काढून घ्या, फाइलला साल आणि पान क्रमांक द्या, आणि सध्याच्या सचिवांना यादी करून, पोच घेऊन परत करा. पोचेची एक प्रत घरी, एक वहीतच. हे स्मरणिका छापायच्या आधी उरका, कारण छापून आल्यावर "आमच्या वह्या तुमच्याकडे कशा?" हे पहिलं विचारलं जाईल.